बोर्ड बदलला, तर कॉम्प्युटर तोच का?

माझ्या दुकानातल्या बिलावर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द कुठंच नसतो. प्रोसेसर असतो, मदरबोर्ड असतो, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, कीबोर्ड-माउस असतो. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, बहुतेकांपुढं सीरियल नंबर, आणि खाली १८ टक्के जीएसटी. या सगळ्यांचं मिळून जे काही होतं, त्याची वॉरंटी कुठलीही कंपनी देत नाही. आम्ही असेंबल करणारे ‘काही झालं तर घेऊन या’ म्हणतो, तेही तोंडी. तरी गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडतं ते कॉम्प्युटर घेऊनच.

हा पेच मला दुकान टाकण्याआधीपासून ठाऊक होता, कारण मी नागसेनवनात शिकलो. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली कॉलेज काढलं. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला मिळालं, मिलिंद. आणि उत्तरं देणाऱ्या भिक्खूचं नाव आवाराला. पोरांनी प्रश्न विचारावेत हा हेतू त्यात उघड आहे. आमच्या वर्गात मात्र उत्तरंच लिहून घ्यायची पद्धत होती. पाली घेऊन बी.ए. झालो. नोकरी पालीवर मिळाली नाही, हार्डवेअरच्या कोर्सवर मिळाली.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्याची आणि नागसेनाची पहिलीच भेट नावावरून पेटते. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण त्या नावामागं कायमचा असा कोणी सापडत नाही. राजाला हे पटणं शक्यच नव्हतं. मग भिक्खू विचारतो, पायी आलात की वाहनातून? रथातून. तर मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ? आस? चाकं? सांगाडा? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळ्यांची बेरीज? नाही. हे सगळं वगळून उरलेलं काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव चालतं, व्यवहारापुरतं. हा दृष्टान्त नागसेनाचा स्वतःचा नाही, हे जाता जाता सांगायला हवं. संयुत्तनिकायात वजिरा नावाची भिक्खुणी मोहात पाडायला आलेल्या माराला हेच ऐकवते, आणि नागसेन तिचाच आधार घेतो. श्रेय मात्र सगळं नागसेनाला गेलं. बायकांच्या बाबतीत हे नवं नाही.

तर मागं एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात बॉडी सेक्शनला, मुलगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मॉनिटर सोडून ३५ हजारांत बसवायचं होतं. मुलगी यूट्यूबवरून तयार होऊन आली होती. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर तिनं ठरवूनच टाकला होता, आणि निवड चांगली होती. सहा कोअर, आतच ग्राफिक्स, म्हणजे वेगळ्या ग्राफिक कार्डाचा खर्च नाही. अडलं होतं ते बोर्डापाशी. ए५२०, बी४५०, बी५५०, का सगळंच बदलून इंटेलचा एच६१०?

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “भाऊ, यातली चासी कुठली?”

मी बोर्डावर बोट ठेवलं.

“मग चासीत काटकसर नको. बॉडी आम्ही दहा वेळा बदलतो.”

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. एसटीच्या जुन्या चासीवरची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी उतरवून लोखंडी बॉडी चढवायचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. पत्रा गेला, सीट गेल्या, काचा गेल्या, तरी आरटीओच्या लेखी बस तीच, कारण चासी नंबर तोच. नागसेनानं आरटीओत जाऊन सांगाडा म्हणजे रथ का असं विचारलं असतं, तर खिडकीतल्या साहेबानं मान न वर करता ‘हो’ म्हटलं असतं.

आणि कॉम्प्युटरच्या धंद्यातही असा एक साहेब आहे. मशीनबरोबर येणारं विंडोजचं जे ओईएम लायसन्स असतं, त्यात मायक्रोसॉफ्टनं हाच प्रश्न निकालात काढलाय. रॅम बदला, डिस्क बदला, कार्ड बदला, कॉम्प्युटर तोच. बोर्ड अपग्रेड केला की तो नवा कॉम्प्युटर, आणि जुनं लायसन्स त्याला चालत नाही. म्हणजे आत्मा कुठं असतो, तर बोर्डात. मात्र त्या नियमाला एक अपवाद आहे आणि मला तो फार आवडतो. बोर्ड बिघडला म्हणून बदलला, तर कॉम्प्युटर तोच राहतो. दोन्ही वेळा तोच नवा बोर्ड, तोच स्क्रू, तोच बसवणारा कारागीर. नाइलाजानं बदलला तर जुना जीव चालू आणि हौसेनं बदलला तर नवा जन्म. वस्तूची ओळख वस्तूत सापडेना, म्हणून वकिलांनी ती मालकाच्या मनात शोधली. बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, हेतूत धरलेलं आहे. लायसन्स लिहिणाऱ्यांनी ते वाचलं नसणार, पण पोचले तिथंच.

आपल्याकडचे नैयायिक याहून कडक. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवांपलीकडं ‘अवयवी’ नावाची खरीखुरी वेगळी वस्तू असते. धागे वेगळे, कापड वेगळं. पण त्याची किंमतही ते मोजतात. एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट, उरलेल्यांतून नवा उत्पन्न. त्यांच्या हिशेबानं पंख्याचा एक स्क्रू पडला तरी कॉम्प्युटर दुसरा. वॉरंटी सेंटरवाल्यांच्या हाती हे मत पडू नये.

मला नैयायिकांविषयी थोडी माया आहे, हे मान्य करतो. कारण दुरुस्तीच्या टेबलावर असा प्रसंग येतो की रॅम दुसऱ्या बोर्डात उत्तम चालते, बोर्ड दुसऱ्या रॅमवर उत्तम चालतो, आणि दोघं एकत्र आले की डिस्प्ले येत नाही. दोष कुठल्याच भागात नाही. तरी मशीन बंद. भागांची यादी करून हा बिघाड सापडत नाही, तो भागांच्या मधे असतो. म्हणूनच बोर्डवाल्या कंपन्या तपासून पाहिलेल्या रॅमची यादी छापतात. नागसेन यावर म्हणेल की मीही तेच सांगतोय, रथ म्हणजे भागांचं एकमेकांवर टेकणं. बरोबर आहे, पण ‘नुसतं नाव’ हे शब्द तोंडात असताना बंद मशीनसमोर उभं राहणं कठीण जातं.

आता बोर्डांकडं वळतो.

ए५२० हा २०२० साली आलेला चिपसेट, रायझनच्या एएम४ सॉकेटचा एक गरीब गृहस्थ. असुस प्राइम ए५२०एम-के, गिगाबाइट ए५२०एम के, एमएसआय ए५२०एम-ए प्रो, अशी त्याची घरं. रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीसाठी एक एम.२, सगळं पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्ड-एसएसडीच्या रस्त्याची जुनी पिढी), प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. किंमत पाच हजारांच्या आसपास. बी४५० त्याहून जुना, २०१८चा. पण तो ओव्हरक्लॉकिंग करू देतो, आणि गिगाबाइट बी४५०एम डीएस३एच किंवा एमएसआय बी४५०एम प्रो-व्हीडीएच मॅक्ससारख्या बोर्डांत रॅमचे चार स्लॉट मिळतात. पीसीआय त्यातही ३.०च. बी५५० पीसीआय ४.० देतो, वीजपुरवठ्याचा भाग बहुधा दणकट असतो, आणि पैसे ए५२०च्या दीडपट-दुप्पट घेतो.

आणि इथंच मुलीच्या यूट्यूबनं तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. ५६००जी हा प्रोसेसर स्वतःच पीसीआय ३.०चा आहे. त्याला बी५५०वर बसवलं तरी ४.० जागं होत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी जास्तीचे तीन-चार हजार मोजायचे, तो गुण बोर्डात आहे, खोक्यावर छापलाय, पण या जोडीत नाही. हे ऐकल्यावर वडील हसले. “मग हायवेचं इंजिन गावात फिरवल्यासारखं.” मी म्हटलं, उलटं, हायवे घरापर्यंत आणला आणि इंजिन लुनाचं.

एच६१०ची गोष्ट वेगळी. तो इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा, २०२२च्या जानेवारीतला. आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० त्यावर सुखानं चालतात. दोनच रॅम स्लॉट. डीडीआर४चा बोर्ड वेगळा, डीडीआर५चा वेगळा, आणि एकात दुसरी बसत नाही. एम.२ प्रोसेसरशी थेट जोडलेला नसतो, चिपसेटमार्फत आणि ३.०च्या वेगानं. रॅमचा वेगही ठरल्यापलीकडं चढवता येत नाही. कॉलेजच्या कामाला यातलं काहीही आड येत नाही.

स्वस्त बोर्ड म्हणजे नेमकं काय कमी, हे पाहायचं असेल तर सॉकेटच्या डाव्या अंगाला पाहावं. तिथं व्हीआरएम असतो, म्हणजे एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टवर उतरवणारा भाग. महाग बोर्डात त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो, स्वस्तात मॉस्फेट उघडे. ५६००जी ६५ वॉटचा म्हणतात, प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत खेचतो. उघड्या मॉस्फेटना तेवढं झेपतं. त्याच सॉकेटमधला १०५ वॉटचा मोठा प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत जातो. तो बसतो, चालूही होतो, आणि दुपारच्या उन्हात, आमच्याकडच्या मे महिन्यात, हळूहळू मंदावतो. स्वस्त बोर्ड तोंडावर नाही म्हणत नाही. काही नातेवाइकांसारखं.

वडिलांचा चासीचा मुद्दा अजून उभाच होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एएम४चा इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. हा सॉकेट २०१६चा; रायझन त्यावर मार्च २०१७मध्ये आलं. २०२०च्या मे महिन्यात रायझनवाल्या एएमडीनं जाहीर केलं की येणारे नवे प्रोसेसर बी४५०वर चालणार नाहीत. ग्राहकांनी एवढा गिल्ला केला की त्याच महिन्यात कंपनीनं शब्द फिरवला. २०२२ साली तर अगदी पहिल्या, ३००-मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवायची मुभा मिळाली. २०१७ साली रायझन ५ १६०० घेतलेल्या माणसाला विंडोज ११ अधिकृतपणे टाकता येत नाही. त्याच बोर्डावर त्यानं ५६०० बसवला की येतं. बोर्ड तोच, आणि त्यावर पिढ्या येऊन गेल्या.

पण ती मुभा कशी मिळाली ते पाहण्यासारखं आहे. अडचण होती बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपची. जुन्या बोर्डांवर ती १६ एमबीची. सगळ्या प्रोसेसरांची माहिती तेवढ्या जागेत मावेना. मग काही बोर्डांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला, काहींत बायोसची चित्रं-रंग उतरवून साधा पडदा ठेवला. एमएसआयनं ‘मॅक्स’ नावाचे बोर्ड काढले ते ३२ एमबीच्या चिपसह. म्हणजे नव्याला ओळखण्यासाठी बोर्डाला जुन्याला विसरावं लागलं. अपडेट केल्यावर ज्या प्रोसेसरवर तो आयुष्यभर चालला, तोच परत बसवला तर कदाचित डिस्प्ले येणार नाही. आता हा बोर्ड ‘तोच’ का? सीरियल नंबर तोच आहे खरा.

नागसेनाला असा प्रश्न राजानं विचारलाच होता. जन्माला येतो तो तोच असतो का दुसरा? उत्तर: तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तशी. राजानं मग खोच काढली की तोच नसेल तर मागच्याचं फळ त्यानं का भोगावं? तेव्हा नागसेन आंबेचोराची गोष्ट सांगतो. चोर म्हणतो, मालकानं लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. असा चोर सुटतो का? लावलेल्यातूनच तोडलेले आले. सातत्य आहे, फक्त त्यासाठी आत फिरणारी एक पक्की वस्तू लागत नाही.

बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये हीच गाठ दोन प्रश्न वेगळे करून सोडवलीय: पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा. पहिल्याला उत्तर आहे, शरीरातली तत्त्वं विखुरतात आणि पुन्हा इतरांशी जुळतात. दुसऱ्यापाशी आत्मा शोधायला जावं तर हाती काही लागत नाही.

माझ्या दुकानात ‘कशाचा’ हा प्रश्न रोज सुटतो. जुनं मशीन येतं. एसएसडी नव्यात जाते. कॅबिनेट जातं. एसएमपीएस धडका असेल तर जातो. चांगला एसएमपीएस दोन-तीन मशीनं पाहतो. कीबोर्ड जातो, मॉनिटर तर जातोच. रॅम डीडीआरची पिढी तीच असेल तर जाते. डीडीआर४ची डीडीआर५च्या स्लॉटात जात नाही. आणि बोर्ड? बोर्ड जवळजवळ कधीच जात नाही. इंटेलचा एलजीए १७०० तीन पिढ्या जगला आणि २०२४च्या ऑक्टोबरात १८५१ आला. एएम४ एवढा जगला तो अपवाद, आणि २०२२ साली एएम५ येताना डीडीआर५ घेऊनच आला. ए५२० असो की बी५५०, पुढच्या सॉकेटच्या दारात दोघंही सारखेच बाहेर राहतात. ज्या भागाला लायसन्स जीव समजतं, तो एका मशीनमधून दुसऱ्यात जाणाऱ्यांत सगळ्यांत मागचा. एसटीच्या चासीचं अगदी उलट: इथं बॉडी पुढं जाते, चासी भंगारात.

हे मी वडिलांना सांगितलं. नागसेनाचं नाव न घेता. त्यांनी एकच शंका काढली, “पण उद्या हिला मोठं काहीतरी बसवायचं झालं तर?”

मला वाटतं, स्वस्तातल्या असेंब्लीत सगळा घोटाळा या ‘उद्या’पाशी होतो. लोक उद्याच्या कॉम्प्युटरसाठी आज पैसे भरतात, जणू तो आजच्याच्या आत दडून बसलाय आणि मोठा झाला की बाहेर येईल. तो आत नाही. चार वर्षांनी या मुलीला जे लागेल ते तिनं अजून शिकलेलंही नाही. तेव्हाचे प्रोसेसर कुठल्या सॉकेटचे, रॅमचा भाव काय, काही सांगता येत नाही. २०२५च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांनी रॅमचे भाव कुठं नेले ते सगळ्यांनी पाहिलं. ‘फ्यूचर प्रूफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बोर्डात भविष्य नसतं, रिकामे स्लॉट असतात. याचा अर्थ उद्याचा विचारच करू नये असा नाही. आंबे कोणीतरी लावलेच पाहिजेत. फक्त जे पुढं जातं त्यात लावावेत.

मुलीनं ए५२० घेतला. उरलेले पैसे एसएमपीएसमध्ये आणि मोठ्या एसएसडीत गेले. वडिलांना बिल दाखवलं तेव्हा त्यांनी बोर्डाची ओळ पुन्हा एकदा वाचली. समाधान झालं असं चेहऱ्यावरून वाटलं नाही.

माझा हिशेब असा. आतल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर आणि तीस-पस्तीस हजारांचा आवाका असेल, तर ए५२० पुरे. आय३-१२१०० स्वस्त मिळत असेल तर एच६१० घ्या, डीडीआर४चा का डीडीआर५चा ते आधी विचारून. बी५५० तेव्हाच, जेव्हा साधा ५६०० आणि वेगळं ग्राफिक कार्ड पहिल्या दिवसापासून बसणार असेल. ‘पुढं कधीतरी’ बसणार असेल तर नको. बी४५० जुन्या साठ्यातला मिळाला तर बायोसची आवृत्ती दुकानदाराकडून समोर पाहून घ्या, नाहीतर घरी जाऊन काळा पडदा बघत बसाल. आणि विंडोज विकत घेणार असाल तर रिटेल घ्या. महाग पडतं, पण ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. ओईएमचं लायसन्स त्याच मशीनबरोबर संपतं.